पहिल्या दिवशी पाणी मागायचं

२ नोव्हेंबर, सकाळी
आजपासून कंपनीचा इतिहास लिहायला घेतला. राजदीप काल म्हणाला, आई, नवीन ब्रोशर बनवून राहिलो, २६ तारखेच्या वर्धापनदिनाले पाहिजे. त्यात ‘आमचा इतिहास व मूल्ये’ असं पान आहे. पाच-सहा लाइनी दे, बाकी संघमित्रा पाहून घेईल. संघमित्रा म्हणजे माझी सून. ऑफिस तीच चालवते, पण कंपनी सुरू झाली तेव्हा ती शाळेत होती. तिला काय माहीत? मी सातवी पास. पुढचं शिक्षण विहारातल्या पुस्तकांच्या कपाटातून केलं. आठवड्यात संपवीन.

३ नोव्हेंबर
यांच्या जन्मापासून सुरुवात केली. दुपारी डोळा लागला.

६ नोव्हेंबर
यांची शाळा झाली, भंडाऱ्याहून भिलाईला येणं झालं. आमचं लग्न अजून व्हायचं आहे. पाहुणे आले म्हणून उशीर, नाहीतर आतापर्यंत राजदीप जन्मला असता. लिहिलेलं मोठ्याने वाचून पाहिलं. हे जाऊन चार वर्षं झाली. मधे कोणी टोकलं नाही, म्हणजे बरं लिहिलं असावं.

८ नोव्हेंबर
राजदीपने उभ्याउभ्या वाचलं. म्हणाला, आई, याच्यात कंपनी कधी येते? धीर नाही आजकालच्या लोकांना. तरी त्याच्यासाठी मधली वर्षं सोडून दिली आणि मुद्द्यावर आले.

मुद्दा असा. आमचे हे, देवीदास, दवाखान्यात ड्रेसर होते. रिटायर झाल्यावर एका मोठ्या साहेबाच्या बंगल्यावर त्याच्या आईच्या पायाची जखम धुवायला जायचे. एक दिवस पाणी मागितलं, तर खिडकीत पालथा ठेवलेला वेगळा ग्लास आला. यांनी पट्टी बांधली, हात धुतले आणि साहेबाला विचारलं, आईचा पाय माझ्या हातात चालते, ग्लास कावून नाही चालत? साहेब म्हणाला, वो माताजी का नियम है. हे म्हणाले, मग आपनही एक नियम करू. जखम भरेपर्यंत रोज गेले, घरून पाणी पिऊन गेले, आणि नंतर स्वतःचं काम काढलं, घरोघरी आजाऱ्यांच्या सेवेला बाया पाठवायचं. नाव ‘देवगिरजा’, देवीदास आणि मी गिरजा. हिंदीत चर्चला गिरजा म्हणतात, म्हणून हिंदीवाले अजून विचारतात, चर्च का है क्या.

नियम हा: ड्यूटीच्या पहिल्या दिवशी पाणी मागायचं. घरातल्या रोजच्या ग्लासात आलं तर काम करायचं. वेगळ्या ग्लासात आलं तर वाद न घालता परत यायचं. परत आलेल्या बाईला हे सायकलवर फिरून संध्याकाळपर्यंत दुसरं घर शोधून द्यायचे. आमचं मूल्य एवढंच. बाकी पट्ट्या सगळेच बांधतात.

१० नोव्हेंबर
संघमित्राने टाइप करून आणलं. मूल्ये: करुणा, विश्वास, गुणवत्ता. पाण्याचा पत्ता नाही. विचारलं तर म्हणाली, आई, असं लिहिलं तर कस्टमर घाबरतील, आणि आजकाल असं कोण करतं? म्हटलं, कोणी करत नसेल तर घाबरेल कोण? ती कागद उचलून ऑफिसात गेली. म्हणजे पटलं. राजदीप म्हणाला, देखते हैं, आई. हा होकारच. लहानपणापासून ‘नाही’ म्हणताना तो हिंदीत जातो हे खरं आहे, पण आता मोठा झाला.

१३ नोव्हेंबर
कागद लोक फेकून देतात. मला चांगली कल्पना सुचली. सगळ्या बायांना एकेक स्टीलची बाटली द्यायची आणि वर नियम छापायचा. रोज हातात राहील. राजदीपने लगेच मंजूर केलं. माझं काही त्याने इतक्या लवकर ऐकल्याचं आठवत नाही. बापावर चालला आहे.

१४ नोव्हेंबर
पावर हाउस भागातल्या बाजारात जाऊन बाटल्या पसंत केल्या. दुकानदार म्हणतो, माताजी, इतना मॅटर नहीं बैठेगा, बॉटल है, अखबार नहीं. शेवटी फक्त कंपनीचं नाव बसलं. हरकत नाही. नियम मी तोंडी सांगीन.

१७ नोव्हेंबर
बाटल्या वाटल्या. नियम नीट समजावून सांगितला, जरा लांबला. सगळ्या जणी मान खाली घालून ऐकत होत्या. कोणी एक प्रश्न विचारला नाही, इतकं स्पष्ट झालं. शेवटी कांता आली. ती आमची सगळ्यांत जुनी, कुम्हारीहून बसने येते. माझा हात धरून म्हणाली, बेस केलं बाई तुमी, आता कोनाले पानी मांगा लागत नाही. मला भरून आलं. प्रवासात तहान लागत असेल बिचारीला.

२१ नोव्हेंबर, रात्री
आनंदाची बातमी. संघमित्रा म्हणाली, या आठवड्यात एकही बाई ड्यूटी सोडून परत आली नाही, असं पहिल्यांदाच झालं. म्हणजे वेगळे ग्लास संपले. भिलाई सुधारली. हे पाहायला हे पाहिजे होते. ब्रोशरसाठी एक ताजं उदाहरण घ्यावं म्हणते. परवा कांताच्या ड्यूटीवर जाऊन येईन.

२३ नोव्हेंबर
सेक्टर ६ ला गेले. घरात सासू लकव्याने पडून आहे. सून मोना. मला सोफ्यावर बसवलं, फुलाफुलांच्या कपात चहा दिला. कांता मागच्या दाराच्या पायरीवर बसून आपल्या बाटलीतून पाणी पीत होती. मोना म्हणाली, आंटीजी, आपका बॉटल वाला सिस्टम बहुत अच्छा है. पहले वाली के लिए गिलास अलग रखना पड़ता था, हमको ही अच्छा नहीं लगता था.

चहा अर्धा ठेवला.

परतताना कांताला विचारलं, पहिल्या दिवशी पाणी मागितलं होतंस? म्हणाली, मागच्या साली मांगलं बाई, दोन घरं गेले. मंग महिनाभर घरीच होतो. राजदीपभाऊ म्हणे, दुसरं घर निघालं की फोन करतो. या वक्ती नाही मांगलं. विचारलं, अशी किती घरं असतील? ती म्हणाली, आता कसं समजन? मांगतच नाही कोनी.

२४ नोव्हेंबर
राजदीपला सांगितलं, बाटल्या परत घे. म्हणाला, आई, त्या बायाच देणार नाहीत. ब्रोशर छापायला गेलं आहे. ठीक. २६ ला मी सगळ्यांसमोर उभी राहून बोलणार. भाषण लिहून काढलं. चांगलं झालं आहे. ऐकल्यावर कोणी बाटलीला हात लावणार नाही.

२६ नोव्हेंबर
कार्यक्रम झाला. ब्रोशर गुळगुळीत आहे. आमच्या दोघांचा फोटो, खाली इतिहास पाच लाइनींत. मूल्ये चार आहेत. करुणा, विश्वास, गुणवत्ता, आणि चौथं स्वावलंबन: ‘आमचे कर्मचारी पिण्याचे पाणी स्वतः आणतात. संकल्पना: संस्थापिका गिरजाबाई.’ टाळ्या झाल्या. राजदीपने मुद्दाम माझं नाव टाकून घेतलं, मला खूश करायला.

भाषणाला उभी राहिले. समोर बाया बसल्या होत्या. कांता माझ्याकडे पाहत होती. सगळ्यांना शुभेच्छा दिल्या आणि बसले. भाषणाचा कागद पर्समध्येच राहिला.

बाटल्या कमी पडल्या होत्या. सीमा म्हणून नवीन बाई आहे, दोन लेकरांची आई, उद्यापासून पहिलीच ड्यूटी. तिच्याजवळ बाटली नव्हती. वाटलं, चला, एक जण तरी आहे. तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. यावेळी जन्मापासून नाही. म्हटलं, उद्या गेल्याबरोबर पाणी माग.

तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, अन् वेगळ्या ग्लासात देलं तं?

म्हटलं, परत ये.

म्हणाली, मंग परवा मी कोन्या घरी जाऊ, बाई?

हे असते तर त्यांनी पत्ता सांगितला असता. राजदीप पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला होता.

मग पावर हाउसच्या दुकानदाराला फोन लावला. एक बाटली सांगितली. म्हणाला, नाम डालना है माताजी? म्हटलं, डालो.