आमच्या क्लबातला सत्कार

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एक गोष्ट मला अजून पचत नाही. आपल्या फुटबॉल क्लबात कुणाला काढत नाहीत, सत्कार करतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शाल, श्रीफळ, अध्यक्षांचं भाषण, बटाटेवडा, आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर नवा प्रशिक्षक. तुम्हाला तेवढं कळलं नाही.

‘पाच वर्षांत संघ उभा करून द्या, घाई नाही,’ असं सांगून कमिटीनं तुम्हाला आणलं आणि तुम्ही खुळ्यासारखं ते खरं धरून बसलात. मार्केट यार्डातल्या हमालांची पोरं गोळा केलीत, त्यातलाच मी. पहिलं वर्षभर गोल मारणं नाहीच, नुसतं जागा धरायची आणि पास द्यायचा. मी एकदा वैतागून बॉल आभाळात लाथाडला तर म्हणालात, “अहो महाशय, आपली मॅच कबुतरांशी आहे का?” आम्ही हरायचो आणि तुम्ही खुशीत असायचात. दुसऱ्या मोसमात ओळीनं हरलो आणि तुम्हाला कार्यक्रमाचं आमंत्रण आलं. तुम्ही काकूंना घेऊन आलात! काकू ठेवणीतली साडी नेसलेल्या, डोक्यात गजरा. शाल खांद्यावर पडल्यावर तुम्ही उठून पुढच्या वर्षी काय करणार, त्याच्या पुढच्या वर्षी काय, ते सांगायला लागलात. मी मागे वडा खात उभा आहे. कमिटी माना खाली घालून हसतेय, अध्यक्ष घड्याळ बघतायत, तुम्ही बोलताय, बोलताय, आणि काकू कौतुकानं ऐकतायत. दुसऱ्या दिवशी गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर आलात, तेव्हा तुम्हाला वॉचमननं सांगितलं. काय ती शोभा, सर! पुढे तुम्ही घडवलेल्या आम्हा पोरांनीच करंडक आणला, आणि फोटोत भलताच माणूस मिरवला. मला तुमची दया आली नाही, राग आला. अजूनही येतो.

आता मी कमिटीत आहे. प्रशिक्षक शोधून आणणं माझ्याकडे. गेल्या वर्षी कर्वेनगरच्या एका शाळेतली खेळाची शिक्षिका आणली, चांगली कायमची नोकरी सोडायला लावून. ‘पाच वर्षं कुणी बोट लावणार नाही,’ हे शब्द माझेच. बाई तुमच्याच वळणाची निघाली, आधी जागा धरा, मग गोलाचं बघू. पोरं तयार होतायत हे मला दिसतं, तुमच्या हाताखाली शिकलोय ना. पण संघ तळाला आहे, आणि आमच्या कमिटीला आज कोय पुरून उद्या आमरस हवा असतो. तेव्हा रविवारी सत्कार ठरला. शनिवारच्या मॅचला तिची गरज आहे, नवा माणूस सोमवारी येतोय. तोवर तिला कळू द्यायचं नाही, असं ठरलं.

आज दुपारी आमंत्रणाचा फोन मीच केला. ती तुमच्याइतकी भोळी नाही. सरळ म्हणाली, “शाल राहू द्या. मला काढताय का ते सांगा. शाळेनं परत बोलावलंय. आज ऑफिस बंद व्हायच्या आत हो-नाही कळवायचंय, नाहीतर दुसरीला घेतील.”

“छे हो! काहीतरीच काय? पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं.”

“तुमच्या सरांची शपथ?”

तुमच्याबद्दल तिला मीच सांगितलं होतं, तिचं मन वळवताना. शेवट तेवढा गाळला होता.

“सरांची शपथ,” मी म्हटलं.

“मग झालं,” ती हसली. “थोड्या वेळानं शाळेत जाऊन नाही म्हणून सांगून येते.”

तुमची शपथ घेताना जीभ जराही अडखळली नाही. मेलेल्या माणसाचं काय वाकडं होणार आहे! हे पत्रही कुठे जायचं नाही. लिहायला बसलो तेव्हा बाहेर ऊन होतं, शाळेचं ऑफिस उघडं होतं, ती घरातून निघालीही नसेल. आता रस्त्यावरचे दिवे लागलेत. फोन हाताशीच होता, सर. मी मुद्दाम तुम्हाला लिहीत बसलो.