बुद्धिबळ हाय, मी नॉर्मल

६ जानेवारी, सोमवार
पलासियाच्या ऑफिसातून सीडी मिळाली. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटबद्दल बोलतात, ते ऐकून टाइप करायचं. दोन आठवडे ट्रायल. पास झाले तर घरबसल्या काम. मॅडम पुण्याहून आलेली, माझ्या लेकीच्या, मनीषाच्या वयाची. "काकू, ॲक्युरसी बघतात हं, आणि स्पीडसुद्धा." मिलच्या ऑफिसात साहेबांचं इंग्रजी डिक्टेशन घेण्यात माझी अर्धी जिंदगी गेली. बाबा फौजेत होते, महूच्या क्वार्टरमध्ये आम्हाला रागवायचे ते पण इंग्रजीतच. मला कसली स्पीडची भीती घालते.
हो मॅडम म्हटलं.

७ जाने.
मनीषानं लग्नानंतर कॉम्प्युटर नागपूरला नेला नाही, ते बरं झालं. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की डॉक्टर बोलतो, पाय उचलला की गप्प. असा पुरुष आयुष्यात पहिल्यांदा भेटला.
सकाळी छान चाललं. चहा करून परत बसले तर आवाज तुटायला लागला. पेशं, पेशं, पेशं, आणि मग एकदम पुढचंच वाक्य. मी टाइप करते ती अक्षरंसुद्धा पडद्यावर उशिरा उमटतात. ह्यांना विचारलं. "जुनं मशीन आहे." पेपर खाली केला नाही.

८ जाने.
तेच. सकाळी ठीक, कुकर लावून आले की रडगाणं.
दुपारी ह्यांचे लूम खात्यातले दोन सोबती आले. मिलची केस, कोर्ट, पुढची तारीख, पोहे. आम्ही दोघं एकाच मिलमध्ये होतो, हे खात्यात, मी ऑफिसात. टाळं लागलं तेव्हा महिनाभर माणसं भेटायला येत होती. सगळी ह्यांना. माझीही नोकरी त्याच दिवशी गेली, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. मी पोहे करत होते.
हे तेव्हा रोज सकाळी डबा घेऊन जायचे आणि बंद गेटसमोर बसून यायचे. डबा मीच भरून द्यायची. नको म्हणायची हिंमत झाली नाही.

१० जाने.
मल्हारगंजातून पप्पू भिया आला, कॉम्प्युटर रिपेअरवाला. त्यानं टास्क मॅनेजर (इथून पुढे टा.मॅ.) उघडून दाखवला. कुठला प्रोग्राम मशीनचा किती जीव खातो, त्याची यादी.
"आंटीजी, ये शतरंज सब खा रहा है."
बुद्धिबळ ह्यांचं. मिल बंद झाल्यावर सरकारनं कामगारांना कॉम्प्युटरचं ट्रेनिंग दिलं होतं. तिथून हे फक्त बुद्धिबळ शिकून आले, असं मी सगळ्यांना हसून सांगते. डाव दिवसभर उघडा असतो, मागे कॉम्प्युटर विचार करत बसतो. "डाव मोडू नको" ही ऑर्डर.
"चलता रहे, दिक्कत नहीं. पर इसकी प्रायोरिटी हाय पे है, आपका वाला नॉर्मल पे. मतलब पहले ये खाएगा. बचा तो आपको मिलेगा."
म्हटलं, भिया, ये मुझे मत समझाओ, मेरी शादी को बहुत साल हो गए.
तो हसला. हे नाही हसले. त्यानं राइट क्लिक करून बुद्धिबळ लो वर टाकलं आणि डॉक्टर एकदम गाणं म्हटल्यासारखा बोलायला लागला.

११ जाने.
चहापर्यंत मस्त. चहानंतर पेशं, पेशं. टा.मॅ. उघडला. बुद्धिबळ हाय. लो केलं. भाजी टाकून आले. हाय.
पप्पू भियाला फोन. "आंटीजी, बंद करके चालू करो तो नॉर्मल पे आएगा. हाय पे अपने आप नहीं जाता. किसी ने किया होगा."
घरात आम्ही दोघंच आहोत.

१२ जाने., रविवार
विहारात गेलो. वंदनेला हे माझ्याच शेजारी, डोळे मिटून. माझे काही मिटले नाहीत.
मिलमध्ये ह्यांचं नाव होतं. मॅनेजरशी बिनसलं की हे माग बंद पाडायचे नाहीत. बंद पाडला तर चार्जशीट मिळते. हे नुसता मंद करायचे. सगळी लाइन मंद, आणि बोट ठेवायला जागा नाही. गो-स्लो. घरी येऊन किती रंगवून सांगायचे, मीही कौतुकानं ऐकायची.
तेव्हा मी ह्यांच्या बाजूची होते.

१३ जाने.
विचारलंच. तुम्ही करता का ते?
नाही म्हणाले नाहीत, एवढं खरं. "काम बंद तर नाही ना पाडलं तुझं?"
मग म्हणाले, "दिवसभर माझ्याकडे पाठ करून बसतेस. काल तीनदा हाक मारली. कानात तुझ्या ते."
"तुमची दिवस दिवस शिफ्ट असायची. मी कधी म्हटलं, हाक ऐकली नाही?"
"अगं, ती शिफ्ट होती."
"ही पण शिफ्टच आहे."
पेपर उचलला. विषय संपला. त्यांचा.

१६ जाने.
आता जागेवरून उठतच नाही. सकाळीच सगळं रांधून ठेवते, चहा थर्मासमध्ये. तरी अंघोळीला जावं लागतंच. परत येते तर हाय. बोलत नाही, लो करते. हेही बोलत नाहीत. असा संसार चालू आहे.

२० जाने., सोमवार
पलासिया. मॅडमनं कागद पुढे सरकवला. "काकू, ॲक्युरसी एकदम छान. स्पीड खूपच कमी पडलाय. घरी काही प्रॉब्लेम होता का?"
काय सांगणार. नवरा प्रॉब्लेम आहे, राइट क्लिक करून बघा.
मशीन जुनं आहे म्हटलं. त्यांचंच वाक्य. मॅडमनं सरांना विचारून आणखी एक सीडी दिली. एक आठवडा. हा शेवटचा चान्स.
येताना टेम्पोत रडू आलं. दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं. समोरच्या बाईनं "क्या हुआ दीदी" विचारलं, तिला म्हटलं धूळ गेली.
घरी आले तर हे दारात. "काय म्हणाले?" स्पीड कमी, म्हटलं. हे चपला घालून कुठेतरी निघून गेले.

२१ जाने.
पप्पू भियाकडून फोनवर पासवर्ड लावायला शिकले. आता उठताना दोन बटणं दाबायची, पडदा बंद. माझ्याशिवाय उघडत नाही. बुद्धिबळाचा डाव आत तसाच आहे, मोडलेला नाही. मी कोणाचा डाव मोडत नाही.
"काय ठेवलास पासवर्ड?"
सांगितलं नाही. इतक्या वर्षांत ह्यांना न सांगितलेली पहिली गोष्ट. बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

२२ जाने.
आवाज एकदाही तुटला नाही. दुप्पट काम झालं. कोणी हाक मारली नाही.

२३ जाने.
सकाळी चहा ठेवायला उठले. पडदा बंद करून गेले. स्वयंपाकघराच्या दारातून सहज पाहिलं तर हे माझ्या खुर्चीवर. की-बोर्डला हात लावला नव्हता. अंघोळ झालेली, इस्त्रीचा शर्ट, हात मांडीवर. समोर पासवर्डची चौकट, तिच्याकडे बघत बसले होते. अशा शर्टात आता कुठे जायचं नसतं ह्यांना.
मिलच्या गेटवर असेच बसत असतील. तेव्हा मी पाहायला गेले नव्हते.
चहा खूप उकळला. कप त्यांच्या हातात दिला. ते उठले, खुर्ची माझ्यासाठी सरकवून दिली, आणि तिथेच मागे उभे राहिले. पासवर्ड टाकताना मी म्हटलं, जरा तिकडे बघा.
बघितलं त्यांनी तिकडे.
सोमवारी सीडी द्यायची आहे. अजून निम्मी राहिली आहे.