पलंगाला बांधलेली जास्वंद

तळमजला, ३ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

माझ्या घरात पाऊल टाकणार नाहीस, ही तुझी शपथ मान्य. 'तुझ्या हाताला झाड लागत नाही' असे बोलताना माझ्या जिभेला हाड नव्हते. पण आईच्या पांढऱ्या जास्वंदीने काय घोडे मारले आहे? तुझ्या गॅलरीतून तिची पिवळी पाने माझ्या चहात पडतात. मुळे कुजली, बाई.

उपाय एकच, भेटकलम. कुंडी दोरीने खाली सोड. माझ्या खिडकीबाहेरच्या तांबड्या जास्वंदीची फांदी आणि आईची फांदी, दोन्हींची साल तासून, अंगाला अंग लावून पट्टीने आवळतो. जोड बसला की आईची फांदी माझ्या झाडाच्या मुळांवर जगेल. तोवर कुंडी तसूभर हलता कामा नये. रोज संध्याकाळी मी दोघींना शाळेतल्या कविता म्हणून दाखवीन, हात मागे बांधून, फळ्यासमोर म्हणायचो तशा.

उत्तर त्याच दोरीने सोड.

तुझ्या रागासकट तुझा,
दादा

पहिला मजला, ९ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कुंडी पोचलीच आहे. गॅलरीचा कठडा डुगडुगतो, म्हणून दोरी आत आणून पलंगाला बांधली. पलंगाला चाके. वर वजन नसले तर तो दोरीमागे पळतो, म्हणून यांना त्यावर निजवून ठेवले आहे. जेवण, दाढी, वर्तमानपत्र, सगळे तिथेच. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले होते. परवा यांनी एक जेवण टाळले, तर कुंडी वीतभर खाली! आता वाढताना मी विचारतच नाही.

तुझ्या दुसऱ्या कडव्याला पाने माना टाकतात. पहिलेच म्हणत जा.

आणि एक मनातले. जोड बसला की तू फांदी खालून कापणार. आई तुझ्याकडे, रिकामी कुंडी माझ्याकडे. वाटणीत मी तेवढे एकच मागितले होते रे.

रुसलेली पण तुझीच,
धाकटी

तळमजला, २२ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

जोड बसला. वर कळी धरली आहे, अगदी आईच्या वेणीतल्यासारखी. आता जोडाखाली कापायला हवे, नाहीतर कुजकी मुळे फांदीलाही ओढून नेतील. रोज कात्री पाजळतो, रोज एक कविता म्हणून परत ठेवतो. तुझे शेवटचे पत्र आठवले की हात चालत नाही. तूच येऊन काप. झाड बाहेर आहे, उंबरा लागत नाही.

वाट पाहणारा,
दादा

पहिला मजला, त्याच दिवशी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अंगणही तुझेच. येणार नाही.

धाकटी

पहिला मजला, २३ सप्टेंबर

श्री. दादांस,
स. न. वि. वि.

दोरी उरली नाही, म्हणून हे पत्र चमच्याला गुंडाळून टाकत आहे. डोक्यावर पडल्यास क्षमस्व.

चष्मा घ्यायला उठलो, तोच पलंग गडगडत गॅलरीच्या दाराला धडकला. दोरी तुटून कुंडी गेली. तुमची बहीण तशीच अनवाणी धावली. उंबरा कधी ओलांडला, तिलाही कळले नसेल. आता तुमच्या खिडकीतून अर्धी बाहेर वाकून रडते आहे. तिला सांगा, नीट बघ. वरून मला स्वच्छ दिसते आहे. फांदी जोडाखाली मोडली आहे, जिथे तुम्ही दोघे कात्री लावत नव्हता, तिथेच. जोड शाबूत, कळीही शाबूत. छाटणी करू नका, म्हणजे आणखी वर्षभरात फांदी आमच्या कठड्याला टेकेल.

तुमचे हात मागे बांधलेले दिसतात. पहिलेच कडवे म्हणा.

मी पुन्हा पलंगावर येऊन पडलो आहे. पलंगाला आता दोरीच नाही, पण उतरायची परवानगी अजून मिळालेली नाही. तेवढे तिला विचारून कळवावे.

लोभ वाढू द्यावा, ताट मात्र आता पुरे.

आपला,
मेहुणा