चिंचेखालच्या विहिरीचं पाणी

तीर्थरूप आईस,
धाकटीचा दुरून नमस्कार.

मी खुशाल आहे, खाण्यापिण्याची आबाळ नाही. खाणमंत्र्यांनी परदेशात घेतलेल्या या भल्यामोठ्या बंगल्यात आम्ही दोघीच असतो, त्यांची आजारी आई आणि मी, तिची नर्स. बोलायला तिसरं माणूस नाही. साहेबांचा फोन आला तरी, "नवी खाण सुरू होतेय, आई, नंतर बोलू," एवढंच.

काल वेणी घालताना आजींनी विचारलं, "कुठली गं तू?" मी गावाचं नाव सांगितलं, तर त्यांचा चेहराच उजळला. "अगं, माझं माहेर ते! चिंचेखालची विहीर आहे ना अजून?"

साहेबांनी आपल्याच आजोळची विहीर खाणीत घातली, हे सांगायला माझी जीभ रेटेना. म्हटलं, "आहे की. पाणी अजून गोड आहे."

"मग मला तिथं घेऊन चल. इथं जीव रमत नाही गं." माझा हात धरून रडल्या. मलाही आवरेना.

दादाचा खोकला कसा आहे? खाणीची धूळ घरात येते का अजून? टँकर रोज येतो ना? मला बरं वाटावं म्हणून गोड गोड लिहू नकोस, आई. खरं काय ते लिही.

तुझी,
धाकटी