मनगटावरचं कौतुक

तीर्थरूप साडूभाऊ,

धाकट्या साडूचा वाकून नमस्कार (कंबर अर्ध्यावरच अडते, उरलेला भावनेने समजून घ्यावा). तुमचा गुडघा आता काय म्हणतो? ताईंचा खोकला गेला का? आमची ही तुमच्याकडे येऊन राहिली आहे, ती कशी आहे हे मी विचारणार नव्हतो, पण लिहिण्याच्या ओघात आलंच. ती परत कधी येणार, येणार की नाही, हेही मी विचारत नाही. तिने कारण सांगितलं नसेलच, म्हणून माझी बाजू कळवतो. पत्र कृपया एकट्याने वाचावं.

माझा धंदा तुम्हाला ठाऊकच आहे. चष्म्याच्या दुकानात दिवसभर "आता स्पष्ट दिसतंय, की मघाचं बरं होतं?" असं विचारायचं आणि कसल्याही नाकावर कसलीही फ्रेम बसली तरी "काय शोभतेय हो!" म्हणायचं. संध्याकाळपर्यंत तोंडातले सगळे चांगले शब्द गिऱ्हाइकांवर खर्च होतात. त्यामुळे घरी मी मुकाट जेवतो. "लोकांच्या नाकांचं कौतुक करता आणि माझ्यापुढे मूग गिळून बसता," ही हिची जुनी तक्रार, आणि खोटी नव्हे. त्यातच आमच्या लेकीने आमच्या काळजीपोटी एक बोलका डबा आणि एक घड्याळ पाठवलं. डबा जेवणाच्या टेबलाजवळ बसतो, दिवे लावतो, हवामान सांगतो (खिडकी त्याच्या शेजारीच आहे, पण विचारलं नाही तर त्याला वाईट वाटेल असं आपलं मला वाटतं). त्याला एखादी आठवण सांगून ठेवली की वेळ झाल्यावर माझ्या मनगटावरचं घड्याळ गुपचूप थरथरतं. रक्तदाबाच्या गोळ्या त्यामुळे वेळेवर पोटात जाऊ लागल्या आणि दाब उतरला. मी विचार केला, गोळीला जे जमलं ते कौतुकाला का जमू नये?

म्हणून जेवणाच्या वेळेची एक आठवण लावली. घड्याळ थरथरलं की मी म्हणायचं, "वा, आज भाजी फक्कड जमलीय!" पहिल्या दिवशी हिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. पण मग साडूभाऊ, घराचा नूरच पालटला! ही गुणगुणायला लागली. ताटात न मागता दुसऱ्यांदा वाढ पडू लागली. एकदा तर जेवण बाहेरून मागवलं होतं तरी मी सवयीने "तुझ्या हाताला चव आहे" म्हणून मोकळा झालो. ती थट्टा समजून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला मग हाव सुटली. त्याच आठवणीत मी पोटकलमं घातली: एक दिवस रंगाचं कौतुक, एक दिवस वासाचं, पाहुणे असल्यास दोनदा.

आता ही पडली मुख्याध्यापिका. तिने शाळेत सांगितलं की आमच्या ह्यांचा स्वभाव उतारवयात गोड झाला. असा नवरा प्रत्यक्ष बघावा म्हणून तिच्या तीन सहकारी शिक्षिका जेवायला आल्या. नेमकं त्याच दिवशी घड्याळ मी आतल्या खोलीत चार्जिंगला लावलं होतं. घड्याळ हातात नसलं की डबा ती जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतो, हे मला कोण सांगणार? पहिला घास तोंडाशी गेला आणि डबा स्वच्छ, गोड आवाजात म्हणाला, "आठवण. बायकोच्या भाजीचं कौतुक करा. आज वासाचं. पाहुणे असल्यास दोनदा." संगीत शिकवणाऱ्या बाईंना उचकी लागली. आणि माझी मती अशी गुंग झाली, की मी खरंच दोनदा केलं.

पाहुण्या गेल्यावर ही ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं, तेवढा सराव आहे. पण तिने फक्त विचारलं, "रोजचंच असं होतं?" मी हो म्हणालो. "मला खरं वाटत होतं हो," एवढंच बोलली आणि सकाळी बॅग भरली. ते वाक्य मला फार लागलं.

बाकी माझं उत्तम चाललंय. दिवे लागतात, विझतात. लेकीने मागाहून पाठवलेलं झाडू मारणारं यंत्र पलंगाखाली अडकून मदतीसाठी हाका मारतं, त्यामुळे घरात कुणी नाही असं अजिबात वाटत नाही. हिला खुशाल महिनाभर ठेवून घ्या. ताईंना नमस्कार.

तुमचाच,
चष्मेवाला

ता. क. माफीचं पत्र फोनकडून लिहून घ्या, असं लेकीने सुचवलं. घेतलं. इतकं सुरेख होतं की मीच ते दोनदा वाचलं. पण त्यात हिला "माझ्या जीवनाची पहाट" म्हटलं होतं. ती पहिल्याच ओळीला ओळखेल आणि कायमची तिकडेच राहील. म्हणून हे वेडंवाकडं स्वतःच लिहिलं.

ता. क. दुसरा. पत्र एकट्याने वाचा म्हणालो ते सोडा, तिला मोठ्याने वाचून दाखवा. आणि हेही सांगा, की तिच्या भाजीत मीठ कायमच कमी असतं. इतकी वर्षं मी ते बोललो नाही. हल्ली कोपऱ्यावरच्या खाणावळीत जेवतो. तिथे मीठ अगदी बरोबर असतं, पण घास उतरत नाही. रविवारच्या गाडीत तिला बसवून द्या. येत नसेल तर मलाच तिकडे जेवायला बोलवा. मीठ मागणार नाही.