सात मिनिटं पुढचं घड्याळ

३ मार्च, रविवार
पल्लवीचा फोन, बंगळूरहून. विमानातून उपग्रहामार्फत बोलायचं यंत्र तिची कंपनी बनवते. त्यातलं घड्याळ तिच्या वाट्याला. गुरुवारी ते घेऊन पहिल्यांदा विमानात बसणार. "अकरा बजे ऊपर से मेसेज भेजूंगी, आई."
घड्याळ कशाला लागतं? म्हणाली, एकाच उपग्रहाशी कितीतरी विमानं बोलतात. प्रत्येकाची पाळी सेकंदाच्या हजाराव्या भागात ठरलेली. चुकलं की दुसऱ्याच्या बोलण्यावर पडतं.
"म्हणजे नळावरच्या बायाच."
खूप हसली.

५ मार्च
उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर वर. प्रकाश सेकंदाला तीन लाख. कॅलेंडरच्या पाठीवर भागाकार केला. सेकंदाचा साधारण आठवा भाग. विमान पळतं, अंतर बदलतं, म्हणून संदेशानं त्या मानानं आधी निघायचं, तेव्हा वेळेवर पोचतं.
हे यांना सांगायला हवं होतं. स्टेशनवर बुकिंगला होते. भिंतीवरचं घड्याळ इकडं वेगळं राज्य झालं त्या वर्षी घेतलेलं. दर रविवारी स्टुलावर चढून रेडिओच्या पीं-पींशी मिळवायचे, मग काटा सात मिनिटं पुढं ढकलायचे.
"स्वतःलेच काहून फसवता?"
"मले नाही, पायाले फसवतो."
हे गेले त्याला चौदा महिने झाले. मी अजून सात वजा करूनच वेळ वाचते. काट्याला हात लावलेला नाही.

७ मार्च, गुरुवार
भाजी उतरवून घड्याळाखाली बसले. आपल्या घड्याळात अकरा सात झाले की तिचा मेसेज.
अकरा दोनलाच मोबाइल वाजला. 'आई, वरून जय भीम.' वाटलं, पोट्टीनं घाई केली. मोबाइलवरची वेळ पाहिली तर अकरा. बरोबर अकरा.
म्हणजे पाच मिनिटं भिंतीवरून गेली. कधी, कळलंच नाही.
शेजारच्या साहू दीदी म्हणाल्या, "सेल कमजोर होगे होही, बदल दे न."
तो सेल यांनी घातलेला.

८ मार्च
पल्लवीला विचारलं, विमान वळलं, पंख आड आला, वरचा संकेत तुटला, तर?
"तब अपनी घड़ी से चलता है. शेवटी मिळालेली वेळ धरून."
किती वेळ?
"हळूहळू सरकतं ना, आई. किती वेळ टिकतं, तेच तर मोजून राहिली मी."
मग आपल्या घड्याळाचं सांगितलं. म्हणाली, "अब सही टाइम पे ही मिला दे ना उसको."
म्हटलं, पाहू.

१० मार्च, रविवार
रेडिओ लावला, यांच्यानंतर पहिल्यांदा. पीं-पींला पाहिलं. एक मिनिट पन्नास सेकंद पुढं. कॅलेंडरवर लिहिलं.

१७ मार्च, रविवार
एक मिनिट वीस.
बूढापाऱ्यातल्या दुकानातून नवा सेल आणलाय. जुना काढला की घड्याळ थांबणार, मग काटे मलाच लावावे लागणार. सात पुढं लावले तर ते सात माझे. बरोबर लावले तर...
स्टुलावर चढले होते. हात काट्यापर्यंत पोचतो, हे आजच कळलं. बातम्या सुरू झाल्या तशी उतरले.
स्टूल आत नेलं नाही. नवा सेल त्यावरच ठेवलाय. पुढच्या रविवारी बहुधा पन्नास सेकंद उरतील.