साडेबावीस मिलिमीटर

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

सकाळी थंडी होती. सव्वानऊला लाईट आली, कांद्याला पाणी दिलं. अमृतची आई बचत गटाच्या बायकांबरोबर नारायणगावला गेली आहे, संध्याकाळपर्यंत येईल. जेवलो, भांडी घासून ठेवली. आता अडीच वाजलेत आणि मी शेडमध्ये गाडीशेजारी खुर्ची टाकून लिहायला बसलो आहे.

प्रिय हर्षाली,

पूर्वी तुला चिठ्ठी लिहायची झाली की वर 'चि. सौ.' लिहायचो. आज पेन तिथेच थांबलं. बराच वेळ विचार करून 'प्रिय' लिहिलं. सासरे सुनेला असं लिहितात की नाही माहीत नाही. चुकलं असेल तर समजून घे.

बातमी आधी सांगतो. गाडीला चाकं बसली. पंधरा महिने चाकांविना चार लोखंडी घोड्यांवर टेकवून उभी होती, रविवारी खाली उतरली. तुला हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आपण दोघेही 'बरं आहे' म्हणून ठेवून देतो. म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

अमृतच्या दहाव्याला कुकडीच्या घाटावर कावळा शिवत नव्हता, ते तुला आठवत असेल. तासभर झाला. त्याच्या चुलत्याने शब्द दिला, मामाने दिला, त्याच्या आईने हात जोडले. माणसं फार जवळ उभी आहेत, मागे सरकली तर कावळा येईल, एवढंच माझ्या मनात होतं. मग तू बायकांमधून पुढे आलीस आणि हळू आवाजात म्हणालीस, "गाडीची चाकं मी बसवीन." कावळा आला. तेव्हा माणसंही मागे सरकली होती, त्यामुळे तो कशाने आला हे मी सांगू शकत नाही. तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काम केलं, दोन गोष्टी एकदम बदलल्या तर निष्कर्ष काढायचा नाही एवढं कळतं. पण तू बोललेलं मी ऐकलं होतं. बाकी कोणी ऐकलं नसावं. तेराव्यानंतर तू कळंबला आईकडे गेलीस आणि पुढे कधी आलीस तरी शेडकडे पाहिलं नाहीस. मीही विषय काढला नाही. पण पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे आणि त्याच्या आत तो शब्द पुरा व्हायला हवा, असं दिवाळीपासून माझ्या मनात होतं.

अडचण ही की मला चाकांतलं काही कळत नव्हतं. या गाडीशी माझं कधी जमलं नाही हे तुला माहीत आहे. चार दिवसांच्या तापात माणूस जाईल असं वाटलं असतं तर मी त्याच्याशी गाडीबद्दल नीट बोललो असतो. ती आणली तेव्हा मी त्याला म्हणालो होतो, घरात माणसं चार आणि गाडीत जागा दोन, कोणी कोणी घरी बसायचं ते ठरवून ठेव. तो हसला आणि म्हणाला, "बघू, आबा." पुढे तुझं गाडी शिकणं सुरू झालं. खळ्यात तू गोल गोल फिरवायचीस आणि तो शेजारी बसून हात हलवायचा. मी ओट्यावरून पाहायचो. मंचरच्या पुढे एका खड्ड्यात दोन रिम वाकल्या तेव्हा त्याने चारही चाकं काढून टाकली आणि नवीन शोधायला लागला. ते शोधणं चार महिने चाललं. मी विचारलंही होतं की चाक गोल असतं, त्यात शोधायचं काय. आता मला माहीत आहे काय शोधायचं असतं.

जानेवारीत मी तुझ्याकडे त्याच्या फोनमधला फोटो मागितला. तू एक शब्द न लिहिता पाठवलास. काळी, एकोणीस इंची, बारीक काड्यांची चाकं. आधीची अठरा होती. त्याला मोठी हवी होती, तर तशीच आणू असं मी ठरवलं. आधी भोकं मोजली. पाच नट आहेत. पाच असले की गंमत होते, कुठल्याच भोकासमोर बरोबर दुसरं भोक येत नाही, मग टेप कुठून कुठे धरायची? शेजारच्या दोन भोकांतलं अंतर सदुसष्ट मिलिमीटर आलं, पण दुकानदार ते विचारत नाही, तो पाचही भोकांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास विचारतो. मी कागद लावून वर पेन्सिल घासली, मुलं नाण्याचा ठसा काढतात तशी, आणि त्यावर कंपासने वर्तुळ काढलं. एकशे चौदा आलं. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात एकशे चौदा पूर्णांक तीन आहे. खूप दिवसांनी बरं वाटलं, हे लिहायला हरकत नाही.

तो कागद घेऊन नारायणगावला राजमहंमदच्या दुकानात गेलो. टायरवाला राजमहंमद, अमृत त्याला चाचा म्हणायचा. अमृतने मापं आधीच दिली असतील, तरी आपण मोजलेलं बरं असतं. कागद पाहून तो म्हणाला, भोकं जुळली म्हंजी चाक जुळलं असं नाय सर, मधलं भोक गाडीवर घट्ट बसाया पायजे, नायतर ऐंशीच्या पुढं स्टेअरिंग थरथरतंय. मधलं भोक मोठं असेल तर आत एक रिंग घालतात. चाक किती आत किंवा बाहेर बसणार तेही बघावं लागतं. आपल्याकडच्या जीपवाल्यांना चाक बाहेर आलेलं आवडतं, पण या गाडीला तसं लावलं तर वळताना टायर पत्र्याला घासतो. मी सगळं लिहून घेतलं आणि म्हटलं, ठीक आहे, एकोणीस इंची काळी मागवा.

तो मागे वळला. काउंटरमागच्या भिंतीवर टायरची लेबलं टाचून ठेवली होती. त्यातलं एक काढून त्याने माझ्यापुढे ठेवलं. मागे अमृतचं अक्षर होतं, २२५/५०, १७. सतराच्या खाली दोनदा रेघ मारली होती. मी म्हणालो हे दुसऱ्या कुठल्या गाडीचं असेल, स्पोर्ट्स गाडीचं चाक कोणी लहान करतं का? त्यावर तो म्हणाला, "मी बी त्याला हेच म्हणलो. तर म्हणतो, चाचा, मणक्याचं ऑपरेशन झालेलं माणूस बसवून भीमाशंकरला न्यायचंय. लोखंड कमी करा, रबर वाढवा."

घरात असं ऑपरेशन माझंच झालेलं आहे. मग तोच पुढे सांगायला लागला. हे मला सांगायचं नाही असं अमृतने त्याला बजावलं होतं. विचारलं तर आबा नको म्हणतील, एकदम दारात गाडी उभी करतो, असं म्हणाला होता.

मी लेबल हातात घेतलं आणि पन्नास म्हणजे काय ते विचारलं. त्याने समजावून सांगितलं. दोनशे पंचवीस ही टायरची रुंदी. पन्नास म्हणजे त्या रुंदीच्या पन्नास टक्के रबराची उंची. फोटोतल्या एकोणीस इंचीवर चाळीसचा टायर बसला असता. परत येताना जीपमध्ये मी लेबलावरच हिशेब केला. चाळीस टक्के म्हणजे नव्वद मिलिमीटर. पन्नास टक्के म्हणजे एकशे साडेबारा. फरक साडेबावीस मिलिमीटर. माझ्या करंगळीच्या एका पेराएवढा. तेवढ्यासाठी त्याने फोटोतली चाकं सोडून दिली आणि मला काही बोलला नाही. तुला हे माहीत होतं का? मी तुला विचारणार नव्हतो, पण लिहून गेलं आहे तर राहू दे.

चाक लहान केल्यावर आत ब्रेक मावेल का ही नवी शंका निघाली. मी ब्रेकच्या आकाराची प्लायवूडची पट्टी कापून नेली आणि दुकानात सतरा इंची चाकात फिरवून पाहिली. सहा मिलिमीटर जागा राहते, पेन्सिल फिरते. नमुने तीन होते. अमृतच्या वहीत एक ओळ होती की चाक जितकं हलकं तितकी गाडी खड्ड्यातून सुखाने जाते. मग शेजारच्या आडतीत टोमॅटोचे क्रेट मोजायचा काटा आहे, तिथे मी तिन्ही चाकं नेऊन मोजली. आडतीतली माणसं काम सोडून बघायला आली. राजमहंमद म्हणाला, सर, कोथिंबीरबी मोजून घ्या बरोबर. एक साडेअकरा किलो भरलं, एक दहा, एक आठ किलो सातशे ग्रॅम. तेच घेतलं. काळं नाही, करड्या रंगाचं आहे, पाच सरळ दांड्या. चिखल बसला तर बोटाने निघेल. आवडलं नाही तर सांग, पण बदलणार नाही.

रविवारी राजमहंमद स्वतः आला. नट एकामागोमाग एक गोल आवळत नाहीत, एक सोडून एक आवळतात, चांदणी काढतो तसे. चारही घोडे काढल्यावर गाडी खाली बसली तेव्हा आवाज झाला नाही, फक्त थोडी हलली. अमृतची आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली होती. दुखवट्याचं वर्ष आहे हे तिच्या लक्षात आलं असेल, तिने ताट खाली ठेवलं आणि पदराने चारही चाकं पुसली. मी नारळ आणला होता. तो तिने देव्हाऱ्यापाशी ठेवला आणि म्हणाली, "ह्यो हर्षालीच्या हातनं फुटंल." मी तिच्याकडे पाहिलं. तिने परत तेच सांगितलं. तिचं काय म्हणणं आहे ते तुला कळेल. आपल्या गावात हे काम कोणाच्या हाताने करतात आणि कोणाच्या हाताने करत नाहीत, ते तिला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली. राजमहंमद गेल्यावर चाकं मला मऊ वाटली म्हणून मी कंप्रेसर लावून चारही चाकांत पन्नास पौंड हवा भरली. आपल्याकडे पिकअपला साठ भरतात, कोणाला हवा विचारली की टाईट भर म्हणतात, हाताला तीच सवय. आज सकाळी गाडी पुसताना दाराच्या कडेला एक स्टिकर दिसला. त्यावर दोन माणसांचं चित्र आहे आणि पुढे पस्तीस लिहिलं आहे. टायरवर अंगठा दाबून पाहिला, दगडासारखा होता. पोराने करंगळीचं एक पेर रबर वाढवलं आणि मी हवा कोंबून ते घालवून बसलो.

आता हे पत्र कशासाठी ते लिहितो. मागच्या सोमवारी तुझ्या आई, उज्ज्वलाताई, येऊन गेल्या. तू पाठवलं नव्हतंस, त्या आपल्या आपण आल्या. संगमनेरहून तुला आलेल्या स्थळाबद्दल त्यांनी सांगितलं. माणूस बरा वाटतो, तुलाही वाईट वाटला नाही, तरी तू नाही म्हणतेस. कारण विचारलं तर 'तिकडे माझं एक काम राहिलंय' एवढंच सांगतेस, काय काम ते त्यांना कळत नाही. मला कळलं. ते काम झालं आहे, हर्षाली. तू घाटावर दिलेला शब्द पुरा झाला. तुझ्या हाताने नाही झाला म्हणशील, तर नारळ बाकी आहे, तो तू फोड. त्याच्यापुढे तुझं इथे काही अडकलेलं नाही. हे घर तुझं आहेच, ते कुठे जात नाही. पण आमच्यासाठी थांबू नकोस, आणि त्याच्यासाठीही नको. गाडी तुझ्या नावावर आहे. जिथे जाशील तिथे स्वतः चालवत ने. ती कोणाच्या टेम्पोवर चढून या दारातून गेलेली मला आवडणार नाही. फक्त नेण्याआधी एक दिवस मला दे. सकाळी निघू, घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकरला जाऊन दिवस मावळायच्या आत परत येऊ. सीट फार खाली आहे, पण बसायची रीत मी शोधून काढली आहे. आधी पाठ करून बसायचं, मग पाय आत घ्यायचे. काल तीन वेळा बसून पाहिलं, तिन्ही वेळा जमलं. तू हो म्हण किंवा नको म्हण, पण या वेळी फोनवर 'बरं आहे' म्हणू नकोस.

तुझाच,
आबा

ता. क. साडेचार वाजले. चारही चाकांची हवा सोडून पस्तीसवर आणली. प्रत्येक चाक दोनदा मोजलं. मागचं डावं चौतीस दाखवत होतं, त्यात थोडी भरली. आजकाल बिबट्या उसातून लवकर बाहेर पडतो, म्हणून शेडचं दार लावून घेतो आहे. हवा भरायच्या तोंडांवरच्या टोप्या आठवणीने बसवल्या.